बोलकी बाहुली आणि ऐकणारे मूल

मुलांसाठी जे बोलले, लिहिले आणि दाखवले जाते त्याचा इतिहास आपल्याकडे गांभीर्याने लिहिला गेलेला नाही. बालसाहित्याविषयी थोडेफार लेखन झाले. परंतु छोट्या पडद्यावरील मुलांच्या कार्यक्रमांकडे करमणुकीचा एक किरकोळ प्रकार म्हणूनच पाहिले गेले. वस्तुतः भाषा, शाळा, लोककला आणि सत्ता यांचे परस्परसंबंध या कार्यक्रमांत जितके उघडे पडतात तितके ते अन्यत्र क्वचितच दिसतात. प्रस्तुत लेखात अशा एका कार्यक्रमाचा, आणि त्यामागील विचार छत्तीसगडच्या भूमीशी ज्या वाटांनी येऊन भिडला त्या वाटांचा, मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे. कार्यक्रम अमेरिकेतला, नाव ‘सेसमी स्ट्रीट’. आणि भूमी भिलाई-दुर्ग-रायपूर या पट्ट्यातली.

१

१० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’चा पहिला भाग प्रक्षेपित झाला. त्याची कल्पना जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांची. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच गरीब वस्त्यांतील मुले मागे पडलेली असतात आणि हे अंतर पुढे वाढत जाते, ही त्या काळातील अमेरिकी शिक्षणविचाराची एक बोचणी होती. जे यंत्र घराघरांत पोचले आहे त्याच्याच साहाय्याने हे अंतर थोडे कमी करता येईल काय, असा प्रश्न या दोघांनी विचारला. कार्नेगी आणि फोर्ड या प्रतिष्ठानांच्या व केंद्र सरकारच्या साहाय्याने सुमारे ८० लाख डॉलर उभे राहिले आणि १९६८ मध्ये ‘चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’ ही संस्था आकाराला आली.

कार्यक्रमाची रचना वरवर पाहता साधी होती. शहरातील एक जुनाट गल्ली, तिच्यातील वाण्याचे दुकान, पायऱ्यांवर बसून बोलणारी माणसे, आणि त्यांच्यात वावरणाऱ्या बाहुल्या. या बाहुल्या जिम हेन्सन या कलावंताच्या. त्यांना त्याने ‘मपेट’ असे स्वतंत्र नाव दिले होते. अधूनमधून एखादा पाहुणा येई. नट जेम्स अर्ल जोन्स यांनी अशाच एका भेटीत संथ, गंभीर स्वरात केवळ मुळाक्षरे उच्चारली. दोन अक्षरांमधील त्यांच्या विरामात पाहणारी मुले पुढचे अक्षर स्वतःच म्हणू लागतात, असे संशोधकांना आढळले. पाहुणा किती मोठा, यापेक्षा तो मुलाला बोलण्यासाठी किती जागा सोडतो हे महत्त्वाचे, हा धडा त्यातून मिळाला.

या कार्यक्रमाचे खरे वेगळेपण त्याच्या कार्यपद्धतीत होते. प्रक्षेपणापूर्वी प्रत्येक तुकडा मुलांना दाखवून पाहिला जाई. एडवर्ड पामर यांनी त्यासाठी एक युक्ती योजली होती. दूरचित्रवाणी संचाच्या शेजारी दुसरा पडदा ठेवायचा, त्यावर ठरावीक सेकंदांनी चित्रे बदलत ठेवायची, आणि मुलाची नजर मूळ कार्यक्रमावरून केव्हा ढळते याची नोंद करायची. १९६९ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फिया येथे पाच प्रायोगिक भाग असे तपासले गेले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात आली. वास्तव आणि कल्पित यांची सरमिसळ मुलांना गोंधळात टाकते, या तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार गल्लीतील माणसे आणि बाहुल्या यांना वेगवेगळ्या प्रसंगांत ठेवले होते. बाहुल्या दिसत तोवर मुले खिळून बसत. नुसती माणसे बोलू लागली की नजर दुसरीकडे जाई. मग तज्ज्ञांचा सल्ला बाजूला सारून बाहुल्यांना गल्लीत उतरवण्यात आले. आठ फुटी पिवळा पक्षी ‘बिग बर्ड’ आणि कचऱ्याच्या पिंपात राहणारा तिरसट ‘ऑस्कर’ यांचा जन्म या फेरविचारातून झाला. जगभर ओळखीची झालेली ही पात्रे मुलांनी नजर फिरवल्यामुळे निर्माण झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

या गल्लीला विरोधही झाला. गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकाच गल्लीत गुण्यागोविंदाने राहावे, हे मिसिसिपी राज्यातील दूरचित्रवाणी मंडळाला मानवले नाही आणि १९७० च्या मे महिन्यात त्याने तेथे हा कार्यक्रम रोखला. टीका झाल्यावर काही आठवड्यांतच हा निर्णय मागे घ्यावा लागला. पुढे १९८२ मध्ये दुकानदार हूपर यांची भूमिका करणारे विल ली यांचे निधन झाले, तेव्हा निर्मात्यांनी ते पात्र गुपचूप दुसऱ्या नटाकडे सोपवले नाही. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये प्रक्षेपित झालेल्या भागात ‘गेलेला माणूस परत येत नाही’ हे बिग बर्डला, आणि त्याच्या निमित्ताने लक्षावधी मुलांना, मोठ्यांनी समजावून सांगितले. मुलांशी खोटे बोलायचे नाही, हे व्रत त्या गल्लीने असे निभावले. पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या या कार्यक्रमाचे आश्रयदाते बदलत गेले आणि २०२५ मध्ये त्याचे नवे भाग नेटफ्लिक्सवरही येऊ लागले. परंतु त्याची प्रतिष्ठा मुख्यतः पहिल्या दोन दशकांतील या प्रामाणिकपणावर उभी आहे.

२

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान भिलाई-३ हे स्थानक लागते. पोलाद कारखान्याच्या आखीव वसाहतीपासून ते काहीसे अलग, चरोद्याच्या रेल्वे वस्तीला जोडून आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखाना आणि रेल्वे यांच्या ओढीने देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली.

त्यांतील मराठी माणूस या प्रदेशाला सर्वस्वी नवखा नव्हता. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून गेले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी तेथे राहून कारभार केला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगडशी मराठ्यांचा संबंध राहिला. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० मध्ये पेंड्रा येथून सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापन करीत हिंदी कवितेला नवे वळण देणारे गजानन माधव मुक्तिबोध यांची घरची भाषाही मराठीच. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील श्रेष्ठ कवी. घरात एक भाषा, लिहिण्यात दुसरी आणि रस्त्यावर तिसरी, ही या प्रदेशातील मराठी कुटुंबांची जुनीच स्थिती आहे. तेथील मूल कोणत्या भाषेत हसते, हा प्रश्न म्हणूनच केवळ शिक्षणशास्त्राचा राहत नाही.

३

अमेरिकी गल्ली प्रथम प्रक्षेपित होण्याच्या दोनच महिने आधी, १८ सप्टेंबर १९६९ रोजी, भारताचे अणुऊर्जा खाते आणि अमेरिकेची नासा ही संस्था यांच्यात एक करार झाला. अमेरिकी उपग्रहाद्वारे एक वर्षभर भारतातील खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोचवावयाची, अशी ही योजना होती. तिच्यामागील प्रेरणा विक्रम साराभाई यांची. १९७१ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले आणि योजना प्रत्यक्षात आणण्याचे काम अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राकडे आले. प्रा. यशपाल हे केंद्राचे संचालक होते. प्रयोगाचे व्यवस्थापन कोल्हापुरात जन्मलेले शास्त्रज्ञ एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होते.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात हा प्रयोग झाला. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या छत्र्या आणि सार्वजनिक संच बसवण्यात आले. मध्य प्रदेशातील निवड छत्तीसगड विभागाची होती. रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांतील गावे तीत आली. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या पोलादाच्या भट्ट्या आणि अमेरिकी उपग्रहाकडे तोंड करून उभ्या असलेल्या छत्र्या एकाच जिल्ह्यात नांदल्या, हे त्या दशकाच्या भारतीय धोरणाचे अगदी नेमके चित्र होय.

सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखलेला होता. हिंदी, तेलुगू, कन्नड आणि ओडिया अशा चार भाषांत त्याची वाटणी केलेली असल्याने प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत. पाच ते बारा वर्षांची मुले हा त्यांचा प्रेक्षकवर्ग. याच यंत्रणेद्वारे सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. प्रयोगाच्या मूल्यमापनात मुलांच्या शालेय गुणांत मोठा फरक आढळला नाही. मात्र त्यांची भाषा आणि नवे जाणून घेण्याची ओढ वाढल्याचे दिसून आले.

येथेच एक पेच उद्भवतो. बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांसाठी भाषा एकच ठरली होती, ती म्हणजे हिंदी. आणि तिच्या निर्मितीचे केंद्र दिल्ली. परंतु मुझफ्फरपूरकडचे मूल घरी मैथिली वा भोजपुरी वळणाची बोली बोलते, जयपूरकडचे राजस्थानी, आणि दुर्गचे छत्तीसगढी. साडेबावीस मिनिटांच्या त्या प्रमाण हिंदीत यांपैकी कोणाच्याच आईचा आवाज नव्हता. व्यवस्थेच्या दृष्टीने हे अपरिहार्य होते. एका उपग्रहावर किती बोली चढवायच्या, यालाही मर्यादा असते. तरीही ‘सेसमी स्ट्रीट’ने उभा केलेला मूळ प्रश्न, म्हणजे समोरचे मूल नेमके कोण आहे हा, येथे अर्धाच सुटला.

४

त्याचे उरलेले अर्धे उत्तर शोधणारा माणूस न्यूयॉर्कच्या त्या कार्यशाळेतूनच आलेला होता, ही या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण घटना म्हटली पाहिजे. मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात काम करणारे श्याम बेनेगल यांना १९७० च्या सुमारास होमी भाभा पाठ्यवृत्ती मिळाली. त्या निमित्ताने ते अमेरिकेस गेले. ‘चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’मध्ये आणि नंतर बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या वाहिनीत त्यांनी काम केले. परत आल्यावर १९७४ मध्ये ‘अंकुर’ने त्यांचे नाव झाले. त्याच सुमारास त्यांनी खेड्यांतील मुलांसाठी शैक्षणिक चित्रखंड तयार केले, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. आणि १९७५ मध्ये बालचित्र समितीसाठी त्यांनी जो चित्रपट केला तो छत्तीसगडच्या मातीतला होता : ‘चरणदास चोर’.

या चोराचा जन्म भिलाईशी निगडित आहे. रायपूरमध्ये जन्मलेले नाटककार हबीब तन्वीर यांनी १९७४ मध्ये भिलाई येथे नाचा कलावंतांचे शिबिर घेतले. विजयदान देथा यांच्याकडून ऐकलेली राजस्थानी लोककथा त्यांनी या कलावंतांना दिली आणि तिचे पहिले, आखूड रूप भिलाईतच उघड्या रंगमंचावर सतनामी समाजाच्या प्रेक्षकांपुढे सादर झाले. सत्य हाच ईश्वर, अशी गुरू घासीदासांच्या या पंथाची श्रद्धा. गंमत म्हणून गुरूपुढे काही व्रते घेणारा, शेवटी खोटे न बोलण्याचेही व्रत घेऊन बसणारा आणि त्या व्रतापायी राणीचे लग्न व राज्य नाकारून जिवाला मुकणारा हा चोर त्या प्रेक्षकांना परका वाटला नसावा. पुढे याच नाटकाला १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला.

बेनेगल यांनी चित्रपटासाठी व्यावसायिक नट आणून छत्तीसगढी वेषात उभे केले नाहीत. लालू राम, मदनलाल आदी तन्वीर यांचेच नाचा कलावंत त्यांनी घेतले आणि चित्रीकरण छत्तीसगडमध्ये केले. राणीच्या भूमिकेत मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी एक तरुणी होती : स्मिता पाटील. तिच्या चित्रपटीय जीवनाचा आरंभ अशा रीतीने छत्तीसगडच्या लोककथेत, मुलांच्या एका चित्रपटात झाला.

बेनेगल यांनी न्यूयॉर्कहून बाहुल्या आणल्या नाहीत, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांनी आणली ती दृष्टी. मुलांना गंभीर विषय चालतो, हसता हसता नीतीचा कूटप्रश्न त्यांच्यापुढे ठेवता येतो, आणि त्यासाठी गल्ली त्यांची स्वतःची असावी लागते, हे ‘चरणदास चोर’ पाहताना सतत जाणवते. चोराच्या मृत्यूची गोष्ट मुलांपासून लपवण्याची गरज तेथे कोणाला भासली नाही. आठ वर्षांनी अमेरिकी गल्लीने हूपर यांच्या मृत्यूबाबत जे केले त्याचीच ही भारतीय पूर्वखूण.

५

बोलणाऱ्या वस्तूची आणि तिला उत्तर देणाऱ्या माणसाची परंपरा आपल्याला नवी नाही. कळसूत्री बाहुल्यांची उपमा ज्ञानेश्वरीच्या काळापासून मराठीत रुळलेली आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री आणि चित्रकथी या कला जतन केल्या. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. शहरी मराठी रंगभूमीवर यशवंत पाध्ये यांनी शब्दभ्रमकला रुजवली, आणि त्यांचा ‘अर्धवटराव’ पुत्र रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसून दूरदर्शनच्या युगात मराठी घरांत पोचला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई केंद्रावर ‘किलबिल’सारखा मुलांचा कार्यक्रम होऊ लागला. भिलाईतील मराठी कुटुंबांच्या अंगणात मात्र मुंबई केंद्राच्या लहरी पोचत नव्हत्या. १९७७ मध्ये रायपूरचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले ते हिंदीचे. मराठी बालगीते व कोडी तेथे आजीच्या तोंडून आणि नागपूरहून आलेल्या पुस्तकांतूनच टिकायची होती.

छत्तीसगडपाशी स्वतःचे याहून वेगळे असे काही होते. भिलाईजवळच्या गनियारी गावातील तीजनबाई पंडवानी गाताना हातातील तंबुरा हे निव्वळ वाद्य ठेवीत नाहीत. तोच भीमाची गदा होतो, तोच अर्जुनाचे धनुष्य. साथीला बसलेला ‘रागी’ हुंकार देतो, मधेच अडवून प्रश्न विचारतो, श्रोत्यांच्या मनातील शंका त्यांच्या वतीने बोलून दाखवतो. निर्जीव वस्तूला प्राण देणे, आणि ऐकणाऱ्याला कथेत जागा करून देणे, ही बाहुलीच्या खेळाची दोन्ही मूलतत्त्वे येथे बाहुलीवाचून सिद्ध होतात. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेवेत राहिलेल्या या कलावतीला २०१९ मध्ये पद्मविभूषणाने गौरवण्यात आले. बेनेगल यांनी ‘भारत एक खोज’ या १९८८ च्या मालिकेत महाभारताच्या निवेदनासाठी तिला पाचारण केले होते, हे या संदर्भात आठवावे.

६

‘सेसमी स्ट्रीट’ची परदेशी रूपे १९७२ पासूनच मेक्सिको आणि ब्राझीलमध्ये निघू लागली होती. भारतात तिचे रूप यावयास २००६ साल उजाडले. ‘गली गली सिम सिम’ या नावाने ते कार्टून नेटवर्क व पोगो या वाहिन्यांवर आणि नंतर दूरदर्शनवर आले. त्यात शाळेचा गणवेश घातलेली चमकी होती, बूमबाह नावाचा सिंह होता, निळा गुगली होता आणि शिंक येताच भलतीकडे जाऊन पडणारी आंचू होती. मूळ अमेरिकी गल्लीचे भाषांतर न करता भारतीय वस्ती उभी करण्याचा प्रयत्न त्यात होता. मुलीने शाळेत जावे हे उपदेशाने न सांगता चमकीला नायिका करून सांगितले, हे त्यातील शहाणपण.

परंतु या गल्लीतील हिंदी ही महानगराच्या जवळची हिंदी होती. तोवर छत्तीसगड हे १ नोव्हेंबर २००० पासून स्वतंत्र राज्य झाले होते आणि २००७ मध्ये छत्तीसगढीला तेथे राजभाषेचा दर्जा मिळाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे सुचवले. कागदावर हे सारे झाल्यानंतरही छोट्या पडद्यावर मुलांचे हसणे आणि कोडी मुख्यतः प्रमाण भाषेतच राहिली.

या तीन आगमनांकडे एकत्र पाहिले म्हणजे त्यांचे स्वरूप स्पष्ट होते. १९७५ चा उपग्रह गावात पोचला, पण गावची बोली त्याला वर नेता आली नाही. २००६ ची गल्ली भारतीय झाली, पण ती साऱ्या भारताची एकच गल्ली होती. १९७५ च्या चित्रपटाने मात्र परक्या कार्यशाळेत शिकलेली नजर घेऊन गावच्याच माणसांना बोलते केले. तंत्र सर्वांत साधे, प्रेक्षक बहुधा सर्वांत कमी, आणि तरीही मुलाशी झालेला संवाद सर्वांत जवळचा.

यात तंत्राचा दोष नाही आणि प्रमाण भाषेचा द्वेष करण्याचेही कारण नाही. सप्रे आणि मुक्तिबोध यांनी घरची भाषा जपत दुसऱ्या भाषेत निर्मिती केलीच. प्रश्न उरतो तो वयाचा. प्रौढ माणूस परक्या भाषेत घर करू शकतो. चार वर्षांच्या मुलाला मात्र आधी स्वतःच्या बोलीचा उंबरठा लागतो; तो ओलांडल्यावरच त्याला दुसरी गल्ली दिसते. भिलाई-३ च्या रेल्वे वस्तीतील मूल दारात छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि घरात मराठी, तेलुगू किंवा बंगाली ऐकत वाढते. अशा मुलासाठी कार्यक्रम करणाऱ्याला फिलाडेल्फियातील त्या उन्हाळ्याची शिकवण अद्यापि उपयोगी आहे : तज्ज्ञांचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि मग संचाशेजारी बसून मुलाची नजर केव्हा ढळते ते पाहावे. भिलाईच्या उघड्या मैदानात सतनामी प्रेक्षकांपुढे नाटक उभे करणाऱ्या कलावंतांना ही रीत कोणी शिकवावी लागली नव्हती. बाहुली बोलते ती आपल्या कौशल्याने. पण ती कोणत्या भाषेत बोलली म्हणजे पोचते, हे तिला ऐकणारे मूलच ठरवते.